पुढचा टप्पा

हुबळीहून गदग, कोप्पळ, होस्पेट करत गाडी बळ्ळारीला पोहोचते. धारवाडकडच्या माणसाला ही वाट नवी नाही. सोयरीक, व्यापार, हंपीची सहल, काही ना काही निमित्ताने तिकडे जाणं होतंच. टाटांच्या पहिल्या हवाई टपालाने एक रात्र याच बळ्ळारीत काढली होती, ही गोष्ट मात्र इकडे सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

तारीख होती १५ ऑक्टोबर १९३२. सकाळी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून ‘पस मॉथ’ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान उडवलं. लंडनहून कराचीपर्यंत आलेलं टपाल त्यांना मुंबईला पोहोचवायचं होतं. ना रेडिओ, ना वाट दाखवणारी यंत्रणा. होकायंत्र, नकाशा आणि डोळे, एवढ्यावर सगळी भिस्त. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायला थांबले, तर ते आलं बैलगाडीवरून, डब्यांमधून. एकेक डबा टाकीत रिकामा झाला आणि विमान पुन्हा निघालं. दुपारी ते जुहूच्या मैदानावर उतरलं. इथवरची गोष्ट शाळेतल्या मुलालाही पाठ असते.

पण पत्रांचा प्रवास जुहूला संपणार नव्हता. त्यांतली काही मद्रासची होती. ती घेऊन दुसरा वैमानिक पुढे निघाला. त्याचं नाव नेव्हिल व्हिन्सेंट. रात्री उतरण्याची सोय वाटेत नव्हती, म्हणून त्याने बळ्ळारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं. त्या काळी धारवाड मुंबई इलाख्यात होतं आणि बळ्ळारी मद्रास इलाख्यात. दोन इलाख्यांना आकाशातून जोडणारा हा टप्पा या माणसाने पार पाडला.

व्हिन्सेंट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. ब्रिटिश हवाई दलातली नोकरी संपल्यावर ते विमान घेऊन हिंदुस्थानात आले. गावोगावी उतरायचं, हौशी लोकांना पैसे घेऊन आकाशात एक फेरी मारून आणायचं, असा त्यांचा उद्योग. त्या भटकंतीत त्यांनी हा देश वरून पाहिला, आणि कराचीला येऊन थांबणारं टपाल विमानाने पुढे नेता येईल, ही योजना तेच टाटांकडे घेऊन आले. जे. आर. डी. तेव्हा पंचविशीचे. १९२९ साली हिंदुस्थानात मिळालेला वैमानिकाचा परवाना क्रमांक १ त्यांच्या नावावर होता. त्यांनी योजना उचलून धरली. सरकारने अनुदान नाकारलं, कागदपत्रांत तीन वर्षं गेली, तरी दोघांनी पिच्छा सोडला नाही. सुमारे दोन लाखांचं भांडवल, दोन विमानं आणि मोजकी माणसं, एवढ्यावर काम सुरू झालं.

मला या गोष्टीत पहिल्या उड्डाणापेक्षा त्यानंतरचं वर्ष मोठं वाटतं. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे. घाटावर ढग उतरलेले असत. तरीही आठवड्याचं टपाल पहिलं वर्षभर एकदाही चुकलं नाही, की वेळेला उशीर झाला नाही. सरकारी अहवालानेही या वक्तशीरपणाची वाखाणणी केली. याच सेवेची पुढे टाटा एअरलाइन्स झाली आणि १९४६ मध्ये एअर इंडिया. व्हिन्सेंट ते पाहायला उरले नाहीत. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, इंग्लंडहून निघालेलं त्यांचं विमान मुक्कामी पोहोचलंच नाही.

जे. आर. डीं.ना मिळालेला मान त्यांच्या हक्काचा आहे, त्यातला कणभरही कमी करायचं कारण नाही. पण आपली एक सवय आहे. कुठल्याही कामात आपण ‘पहिला कोण’ एवढंच विचारतो आणि थांबतो. जुहूला उतरलेलं टपाल तिथेच पडून राहिलं असतं, तर मद्रासच्या माणसाला त्या पराक्रमाचा काय उपयोग होता? आरंभाला धाडस लागतं, तसंच धाडस दुसऱ्याने सुरू केलेलं काम हातात घेऊन पुढे नेण्यालाही लागतं. त्यात आणखी एक गोष्ट जास्त लागते, आपलं नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही हे माहीत असूनही वेळ पाळण्याची निष्ठा.

घरात, कचेरीत, शाळेत, देवळाच्या कारभारात असे पुढच्या टप्प्याचे लोक आपल्या आजूबाजूला रोज असतात. संस्था काढणाऱ्याची तसबीर भिंतीवर लागते. ती चाळीस वर्षं चालवणाऱ्या कारकुनाचं नाव दप्तरातच राहतं. आज अशा एका माणसाचं नाव आठवा, आणि तो हयात असेल तर त्याला भेटून सांगा की काम तुमच्यामुळे तडीला गेलं.