गुरुजींचं लॉन

वडशाला, म्हणजे कागदोपत्रीच्या देसाईगंजला, एक मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांनी घरापुढे लॉन लावलं. वीस बाय तीस फुटांचं. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या गावात, जिथं अंगण म्हटलं की शेणाचा सडा आणि तुळस, तिथं लॉन ही नवलाई होती. गुरुजी रोज सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे राहायचे. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांना तळहात मावेल एवढ्या भेगा पडल्या, तरी गुरुजींची हिरवळ ओलीच.

एका सकाळी हिरवळीवर मातीचे तीन ढीग दिसले. भुसभुशीत, ताजे. दुसऱ्या दिवशी पाच झाले. पाय टाकला की गवत खाली दबायचं, आतून सगळं पोखरलेलं.

त्या रात्री गुरुजी टॉर्च घेऊन ओट्यावर बसले. अकराच्या सुमाराला भिंतीच्या कडेनं चिर्र-चिर्र आवाज आला. टॉर्चच्या उजेडात लांब नाकाडाची चिचुंद्री होती, आणि तिच्यामागे चार पिल्लं. पहिल्यानं आईच्या शेपटीजवळचे केस तोंडात धरलेले, दुसऱ्यानं पहिल्याचे, तिसऱ्यानं दुसऱ्याचे. अशी ती आगगाडी भिंतीला धरून निघाली होती. चाळीस वर्षं मुलांना रांगेत उभं करणाऱ्या माणसाला ही रांग बघून कौतुक वाटायला हवं होतं. गुरुजींना चोर सापडल्याचा आनंद झाला.

पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावला. तिसऱ्या रात्री चिचुंद्री अडकली. तिचं पुढं काय केलं ते गुरुजी सांगत नाहीत, आपणही विचारू नये. पिल्लं कुठं गेली, कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढीग सात.

मग गुरुजींनी झिंक फॉस्फाईड आणलं. काळी पूड, लसणासारखा वास. भरडलेले तांदूळ, थोडं तेल आणि ही पूड कालवून कागदाच्या पुड्या ठेवल्या. पहिल्या रात्री एक घूस मेली, चांगली पायाच्या पंजाएवढी. तेव्हा तरी गुरुजींना प्रश्न पडायला हवा होता, पण मेलेला शत्रू दिसला की माणूस हिशेब तपासत नाही. बाकीच्यांनी पुड्यांना तोंड लावलं नाही. थोडंसं विष खाऊन जी घूस जगते, ती तसलं खाद्य पुन्हा हुंगून सोडून देते. उरलेले दाणे मात्र शेजारणीच्या गावरान कोंबडीनं कुंपणातून येऊन टिपले. दुपारी कोंबडी आडवी. शेजारीण भांडली नाही. नुसती येऊन कोंबडी उचलून घेऊन गेली, ते गुरुजींना जास्त लागलं.

दूध घालणारा बुढा दुसऱ्या सकाळी आला, कॅन खाली ठेवून ढिगापाशी उकिडवा बसला. त्याची चार एकर धानाची बांधी होती. श्रावणात घुशीनं धुऱ्याला एक भोक पाडलं की रातोरात बांधीतलं पाणी खालच्या माणसाच्या शेतात जातं. त्यामुळे बीळ वाचणं हे त्याचं पोटापाण्याचं शास्त्र होतं. कापणीनंतर तो तीच बिळं खणून घुशीनं आत साठवलेल्या लोंब्या परत घरी आणायचा.

त्यानं चिमूटभर माती बोटांत चुरली. "हे चिचुंद्रीचं काम नाही जी, गुरुजी. ते किडे खाते, झुरळं खाते. इतकी माती काढायची ताकद कोठून आणंल? ही घूस हाये. तोंड मातीनं बंद करून आत बसते."

गुरुजींनी टॉर्चची, पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. बुढा थोडा वेळ गप्प राहिला.

"आज संध्याकाळी सारी भोकं बुजवा. उद्या जेवढी उघडतील, तेवढीच जिवंत."

अकरा भोकं बुजवली. सकाळी चार उघडी निघाली, आणि चारही एका रेषेत. रेष हिरवळीतून कुंपणाच्या पायाखालून मागच्या खोलीकडं जात होती. तिथं बटईच्या धानाची पोती थेट जमिनीवर ठेवलेली होती. एका पोत्याच्या कोपऱ्यातून धान सांडत होतं. शेजारी मोरीचं उघडं तोंड. बुढ्यानं पोतं हलवलं, मग हिरवळीकडं पाहिलं.

"वाड्यात कोठं पानी नाही, अन् तुमच्या येथं रोज पावसाळा. माती नरम, आत गांडूळ, घरात धान. कोन येणार नाही जी? बोलावलं तुमीच."

विलायतेतल्या लॉनमध्ये असेच ढीग काढणारा मोल नावाचा प्राणी असतो. तो आपल्या भागात नाही, पण चिचुंद्रीचा तो भाऊबंद, दोघेही किडेखाऊ. उंदीर-घुशींशी दोघांचंही नातं नाही. गुरुजींनी हे पुस्तकात वाचलं, ते चिचुंद्री मेल्यानंतर.

त्यांनी पोती लाकडी माचावर चढवली, मोरीला जाळी बसवली, चार भोकांत दगड-विटांचे तुकडे ठोकून वर चिखल लिंपला. पाणी आठवड्यातून दोनदा. मृगाआधी अर्धं लॉन उकरून वांगी आणि चवळी लावली. शेजारणीला दोन तलंगा आणून दिल्या. स्वयंपाकघरात त्या उन्हाळ्यात झुरळं फार झाली होती, ती तेवढी अजून आहेत.

तुमच्याही अंगणात माती निघाली, तर विषाची पुडी आणण्याआधी एवढं करा: संध्याकाळी सगळी भोकं बुजवा, आणि सकाळी कोणती उघडली, त्यांची वाट कुठं जाते, ते बघा.