सेवा करणाऱ्याची सेवा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की घरोघरी पोथी बाहेर निघते. पाट मांडला जातो, समई लागते, सप्ताह बसतो. दुसऱ्या अध्यायातली संदीपकाची कथा आपण इतक्या वेळा वाचली आहे की डोळे ओवीवरून आपोआप पुढे सरकतात. यंदा तिथे जरा थांबायचे आहे.

वेदधर्म मुनी गोदावरीतीरी राहत. शिष्य पुष्कळ. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितले, की माझे थोडे प्रारब्ध भोगायचे राहिले आहे. काशीला जाऊन एकवीस वर्षे कुष्ठ, अंधत्व, पांगळेपण सोसायचे आहे. तेवढी वर्षे मला सांभाळायला कोण येतो? सगळे गप्प. एकटा दीपक उठला आणि म्हणाला, आपण कशाला सोसता, तो भोग मीच घेतो. यावर गुरूंनी जे उत्तर दिले ते मला साऱ्या कथेचे मर्म वाटते. ते म्हणाले, ज्याचे त्यानेच भोगावे लागते. आणि पुढे म्हणाले, रोग्यापेक्षा रोग्याला सांभाळणाऱ्याला कष्ट जास्त होतात, तेव्हा विचार करून हो म्हण.

बघा हं. हे कुणा डॉक्टरने सांगितलेले नाही, पोथीने सांगितले आहे. तरी आपण आजाऱ्याच्या घरी भेटायला जातो तेव्हा काय करतो? नारळ, केळी घेऊन जातो, खाटेवरच्या माणसाला विचारतो, "आता कसं वाटतंय?" चहा पितो आणि निघतो. तो चहा करून आणणारी जी सून आहे, मुलगी आहे, किंवा सत्तरी ओलांडलेली बायको आहे, तिला कुणी विचारत नाही की बाई, तू रात्री झोपलीस का.

दीपकाचे काय झाले ते आपण जाणतो. भिक्षा मागून आणायची, जखमा धुवायच्या, मलमूत्र काढायचे. आणि गुरू काय करीत? अन्न कमी आणले तर फेकून देत, जास्त आणले तर गोडधोड का नाही म्हणून रागावत. मारायलाही उठत. अहो, ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. दुखणे माणसाचा स्वभाव खाते. जन्मभर गोड बोललेले वडील आजारात मुलाला नको ते बोलतात. मुलगा मोरीत जाऊन डोळे पुसतो आणि परत येऊन कूस बदलायला हात देतो. संदीपक काही काशीतच होऊन गेला नाही. आपल्या गल्लीत चार संदीपक आहेत, फक्त त्यांच्यापुढे वर द्यायला विश्वेश्वर येऊन उभे राहत नाहीत. आपण तरी उभे राहायला हवे की नको?

आता उभे राहायचे म्हणजे काय करायचे? औषध द्यायला डॉक्टर आहेत. आपल्या हाती दुसरे काही आहे, आणि तेही पोथीतच आहे.

उत्तरार्धात नंदीनामा ब्राह्मणाची कथा येते. अंगावर कोड. तुळजापूरला भवानीची तीन वर्षे सेवा केली, तिथून चंदलापरमेश्वरीकडे, तिथून गाणगापूरला. मनात किंतु होता, की देवीने मला माणसाकडे का पाठवले? श्रीगुरूंनी त्याला संगमावर स्नानाला आणि अश्वत्थाला प्रदक्षिणा घालायला लावले. अंग शुद्ध झाले, पण मांडीवर थोडासा डाग राहिला, मनातल्या त्या किंतूचा. मग श्रीगुरूंनी काय सांगितले? आणखी तीर्थ नाही, आणखी व्रत नाही. म्हणाले, कवित्व कर, स्तुती गा. तो म्हणाला, मला लिहिता-वाचता येत नाही. श्रीगुरूंनी त्याच्या जिभेवर भस्म घातले आणि तो गाऊ लागला. तो उरलेला डागही मग गेला.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी शरीराचा उपाय झाला, मग गाणे आले. आणि गाण्याने जे गेले ते मनात रुतून बसलेले होते. दुसरे असे, की त्याला गाता येत नव्हते. आपल्याकडे "मला कुठे गळा आहे" म्हणून मागे सरणारे पुष्कळ. नंदीनाम्यालाही नव्हता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो, कुणाला राग आला तरी चालेल. ही कथा ऐकून जो औषध बंद करतो त्याने कथा अर्धीच ऐकली. त्या काळी कुष्ठावर औषध नव्हते. आज आहे. बहुविध औषधोपचाराने सहा महिन्यांत, फार झाले तर बारा महिन्यांत हा रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधे फुकट मिळतात. तीच गोष्ट क्षयाची, तीच मनाच्या आजाराची. वाडीला, गाणगापूरला लोक मनाने आजारी माणसाला घेऊन येतात, आरतीच्या वेळी उभे करतात. जरूर आणावे, महाराजांचे दार सर्वांना उघडे आहे. पण येताना डॉक्टरांच्या गोळ्या पिशवीत असाव्यात आणि वेळच्या वेळी द्याव्यात. गोळी घेतल्याने श्रद्धा उणी होते असे पोथीत कुठे म्हटलेले नाही. माहूरच्या गोपीनाथाचा मुलगा क्षयाने आजारी पडला तेव्हा घरच्यांनी आधी वैद्यच बोलावले होते.

मग गाण्याचे काम काय? सांगतो.

ज्याला अर्धांगाचा झटका उजव्या बाजूला येतो, त्याची पुष्कळदा वाचा जाते. समजते सगळे, पण शब्द ओठावर येत नाही. "पाणी" म्हणता येत नाही म्हणून माणूस रडकुंडीला येतो. असाच माणूस संध्याकाळच्या आरतीला शब्द न चुकता आरती म्हणताना तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, आणि चमत्कार म्हणून हात जोडले असतील. हात जोडावेत, पण त्यामागे मेंदूची रचना आहे. बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो. सुराचा, पाठ झालेल्या चालीचा कारभार उजव्या बाजूलाही असतो. डावीकडे इजा झाली तरी चालीच्या आधाराने शब्द बाहेर येतात. अमेरिकेत बोस्टनच्या वाचातज्ज्ञांनी १९७० च्या दशकात यावरूनच एक पद्धत बसवली: रोजची लागणारी वाक्ये सुरात म्हणवून घ्यायची, डाव्या हाताने ठेका धरायला लावायचा आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि हे काम वाचा-उपचार जाणणाऱ्याला विचारूनच करायचे. पण घरात मुकेपणाने बसलेल्या माणसाबरोबर रोज करुणात्रिपदी म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. टेंबे स्वामींच्या या पदांची चाल अशी आहे की थकलेल्या गळ्यालाही ती पेलते.

स्मृतिभ्रंशाचेही तसेच. मुलाचे नाव विसरलेली आई "दिगंबरा"चा गजर सुरू झाला की टाळी धरते. उशिरापर्यंत टिकते ती तरुणपणी मनात मुरलेली चाल. म्हणून माझे एक सांगणे आहे, आणि देवळाच्या अंकात ते वावगे वाटू नये: आजाऱ्याला काय आवडते ते त्यालाच किंवा त्याच्या माणसांना विचारा. प्रत्येकाला भजनच हवे असेल असे नाही. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून लागले तेव्हा आजची ऐंशी ओलांडलेली मंडळी शाळेत होती. कुणाला त्यातले गाणे हवे असेल, कुणाला नाट्यपद, कुणाला जुन्या सिनेमातले. म्हणा की! त्याचा चेहरा उजळला म्हणजे महाराजांना पोचले.

आणि कुणाला काहीच नको असेल, तर गप्प बसावे. असह्य दुखत असताना कानाशी टाळ वाजवणे ही सेवा नव्हे.

गाण्याने गाठ विरघळत नाही. पण कर्करोगाच्या रुग्णांची धास्ती संगीताने कमी होऊ शकते असे अभ्यासांतून दिसले आहे आणि मोठ्या रुग्णालयांतून त्याचा उपयोग होतो. लंडनला सिसिली सॉन्डर्स बाईंनी १९६७ साली शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. त्या म्हणत, की अशा माणसाचे दुखणे एकट्या शरीराचे नसते. मनाचे असते, घराच्या काळजीचे असते, आणि देवाशी चाललेल्या भांडणाचेही असते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले ते याच विचाराने. शरीराच्या दुखण्यावर तिथे मॉर्फिन देतात. बाकीच्या तीन दुखण्यांवर माणूसच लागतो.

आपल्या बायकांना हे कुणी शिकवायला लागले नव्हते. पहाटे जात्यावर बसायचे, घरातले दुखणे, सासुरवास, माहेरची आठवण सगळे ओवीत घालायचे आणि पिठाबरोबर मोकळे व्हायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाते गेले, गिरणी आली, फार बरे झाले, कष्ट वाचले. पण ती मोकळे होण्याची जागाही गेली. आजची सेवा करणारी बाई कुठे मोकळी होते? मोबाइलवर मालिका बघून?

इथे माहूरच्या त्या सुनेची कथा पुन्हा आठवते. नवरा खाईल तेवढेच अन्न ती खाई, अंगावरचे चांगले वस्त्र टाकले, नवऱ्याला डोलीत घालून गाणगापूर गाठले. थोर खरीच. पण तिने ते आपल्या मनाने केले. कुणी तिच्यापुढे पोथी धरून "असं वाग" म्हणाले नव्हते, उलट घरची माणसे तिला जपत होती. ही कथा वाचून दाखवून घरातल्या सुनेला एकटीला राबवायचे, हा पोथीचा उपयोग नव्हे. ज्येष्ठ मंडळींना हे मुद्दाम सांगतो, कारण घरात शब्द त्यांचा चालतो. मुलगाही आईची पाठ पुसू शकतो. जावईही रात्र जागू शकतो.

हातांची सेवाही आहे. झोप न लागणाऱ्याचे तळपाय कोमट तिळेलाने हलक्या हाताने चोळावेत, हाताची बोटे एकेक करून धरावीत. कित्येक म्हाताऱ्या माणसांना सुई टोचण्याखेरीज दुसऱ्याचा स्पर्श महिनोन्महिने होत नाही. मात्र एक पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला तर चोळू नये, आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. मधुमेहाच्या जखमेला, रेडिएशन दिलेल्या कातडीला घरचे तेल लावू नये. दम्याच्या माणसाजवळ धूप, उदबत्ती लावू नये. महाराज धुराविना प्रसन्न होतात.

ज्यांचे हात चालतात त्यांना काम द्यावे. देवळातल्या हाराची फुले परडीत घालून घरी पोचवली तर अंथरुणावर बसून आजी ती ओवतील. वाती वळतील. थरथरत्या हातांनी काढलेली चार ठिपक्यांची रांगोळी पाटावर उमटली, की त्या घरात आज कुणीतरी फक्त रोगी नव्हते, देवाचे काही करीत होते. तो हार वाकडा झाला तरी तोच घालावा. पुजाऱ्यांनी नाक मुरडू नये.

आता देवळाच्या मंडळींपुढे एक विनंती. जयंतीचा पाळणा, महाप्रसाद, पालखी हे सगळे थाटात होईलच. पण जयंतीनंतरच्या गुरुवारपासून भजनी मंडळाने दोघादोघांची जोडी करावी. ज्या घरी दीर्घ आजारी माणूस आहे तिथे दुपारी तीन ते पाच जावे. एकाने आजाऱ्याजवळ बसावे, त्याला हवे ते म्हणावे, वाचावे. दुसऱ्याने सांभाळणाऱ्या बाईला किंवा बुवाला सांगावे, "तुम्ही आता बाहेर जा. झोपा, बाजार करा, देवळात येऊन नुसते बसा. आम्ही आहोत." चहा मागू नये. सल्ला देऊ नये, अमक्याने तमक्या पानांचा रस घेतला नि बरे झाले, हे तर मुळीच सांगू नये. बाहेर गेलेली व्यक्ती परत येईपर्यंत उठू नये, मग सात वाजले तरी.

टाळ एकच न्यावा, मृदंग पेटी नको. औषधाची वेळ कागदावर लिहून घ्यावी. ज्यांच्या घरी अशी गरज आहे त्यांनी आपले नाव, पत्ता आणि आजाऱ्याला आवडणारे एखादे गाणे चिठ्ठीवर लिहून गाभाऱ्याबाहेरच्या डब्यात टाकावे. चिठ्ठ्या बुधवारी संध्याकाळी, आरतीनंतर उघडल्या जातील.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.