पोट नावाची जागा

पोळ्याच्या आगेमागे आमचे आजोबा ज्वारीत शिरत. ताटाच्या शेंड्याकडचा फुगीर भाग दोन बोटांत हलकेच दाबून पाहत आणि घरी येऊन सांगत, "पोटऱ्यात आली." कणीस अजून दिसत नसे. वरच्या पानाच्या वेष्टनात ते गुंडाळलेले असे. बाहेर पडले की ज्वारी निसवली. पोटऱ्यात आल्याची बातमी सांगताना आजोबांचा आवाज खाली येई, घरात कुणी पोटुशी असल्यासारखा.

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना जिथे लोणारचा फाटा फुटतो, ते आमचे सुलतानपूर. पोट हा शब्द मला शाळेआधी या शिवारात भेटला.

हात 'हस्त'पासून आला, कान 'कर्ण'पासून, पाय 'पाद'पासून. पोटाची वाट निराळी आहे. संस्कृतातल्या 'उदर'शी त्याचे नाते नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'देशीनाममाला' रचली आणि संस्कृतावरून सिद्ध न होणारे शब्द तिच्यात गोळा केले. त्यांत 'पोट्ट' आहे. हिंदी आणि गुजरातीत पेट, आपल्याकडे पोट. त्याची सख्खी वाटावीत अशी भावंडे मात्र दक्षिणेला आहेत : तेलुगूत 'पोट्ट', कन्नडात 'होट्टे'. जुन्या कन्नडातल्या 'प'चा पुढे 'ह' झाला. हे साम्य उच्चारापाशी थांबत नाही. मत्सराला आपण पोटदुखी म्हणतो, कन्नड माणूस 'होट्टेकिच्चु' म्हणतो, म्हणजे पोटातली आग. आणि भाताची लोंबी पानाच्या वेष्टनात असते, त्या अवस्थेला तेलुगू शेतकरी 'पोट्ट दशा' म्हणतो! आजोबांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. तरी ते ज्वारीत जे पाहत होते, तेच त्या शेतकऱ्याने भातात पाहिले आणि त्याच शब्दात सांगितले.

पोट म्हटले की आपल्याला आधी भूक आठवते. हातावर पोट, पोटाला चिमटा, पोटावर पाय. भुकेला मी हलके लेखणार नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या ६ जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आमचा बुलढाणा होता. आजही आमच्याकडे कुणाच्या दाराला कुलूप दिसले की शेजारी सांगतात, "पोट भरायला गेले."

पण भूक हा या शब्दाचा एक अर्थ झाला. त्याच्या मुळाशी मला दिसते ती धरून ठेवणारी जागा. डोंगराच्या पोटात लेणे असते, लोणारच्या विवराच्या पोटात खारे तळे आहे, घराला पोटमाळा असतो, माणसाच्या पोटात गुपित राहते. 'पोटी' म्हणजे आत, मनात, ही योजना ज्ञानेश्वरीत जागोजाग भेटते. तोच 'पोटी' आज बँकेच्या कागदावर 'कर्जापोटी' होऊन बसला आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेला असतो. रानातला खडक, नाला, पिकाखाली न येणारा तुकडा. त्यात काही पिकत नाही, तरी शब्द त्याला शेताबाहेर घालवत नाही, पोटात ठेवतो.

म्हणूनच पोटजात, पोटभाडेकरू, पोटकूळ हे शब्द मला टोचतात. तिथे 'आतला' होता, त्याचा आपण 'खालचा' केला. सामावून घेणारा शब्द उतरंड मोजायला लावला.

लहानपणी एकदा शेजाऱ्यांचा गोऱ्हा रात्री दावे तोडून आमच्या तुरीत शिरला. दोन तासे पार खुडून टाकली. सकाळी त्या घरची म्हातारी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. वर चढेना. म्हणाली, "पोरानं नीट बांधला नाही माय. पोटात घाल." आजी बराच वेळ सूप पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "घातलं. ये, बस." त्या साली आमच्या कणगीत दाणे बेताचेच होते, हे मला पुढे कळले. भूक जिथे लागते, तिथेच आमच्या भाषेने क्षमेलाही जागा दिली आहे. पोट भरलेले असेल तरच क्षमा करावी, अशी सवलत दिलेली नाही.

हालाच्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. स्वतःचे 'पोट्ट' पाखरेही भरतात, पडलेल्याला उचलणारे विरळा, असा तिचा आशय. म्हणजे 'पोट भरणे' हा वाक्प्रचार इतका जुना आहे, आणि त्याच्यापुढे काहीतरी उरते ही जाणीवही तितकीच जुनी.

आता आमच्या शिवारात सोयाबीन आहे. त्याला शेंगा धरतात, भरतात, पोटरी नसते. ज्वारी मागे हटली तसे 'पोटऱ्यात येणे' आणि 'निसवणे' हे शब्दही तोंडातून उतरत चालले. पुण्यात वाढलेल्या माझ्या पुतणीला पोटरी ठाऊक आहे ती पायाची. यंदा तुरीच्या कडेने ज्वारीची चार तासे मुद्दाम टाकली होती. पोळ्याला पुतणी आली, तेव्हा तिला रानात नेले आणि तिची दोन बोटे ताटाच्या फुगीर भागावर ठेवली.

तिने हलकेच दाबून पाहिले. "काका," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज खाली आला, "आत आहे काहीतरी."