लोणारचे पाणी आणि मनाचा रंग



बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यातले पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. काठाच्या अभयारण्यात मोर, वानरे, घोरपडी सुखाने राहतात. २०२० मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

त्याच वर्षी जून महिन्यात हिरवट दिसणारे हे पाणी गुलाबी झाले. कुणी चमत्कार म्हटले, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाण्याची पातळी घटून क्षार वाढले होते, आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपले रंगद्रव्य पसरवले होते. रंग बाहेरून कुणी ओतला नव्हता.

आपल्या मनाचेही असेच नाही का? साधना आटते, काळजीचे मीठ वाढते, आणि एक दिवस घरच्यांसमोर राग उसळतो. आपण म्हणतो, "त्यांनी मला चिडवले." समोरचा माणूस निमित्त असतो. संस्कार आपल्याच पाण्यात होते.

मग करायचे काय? प्रयोगशाळेत ते पाणी न ढवळता ठेवले, तेव्हा सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. ध्यानाला बसणे म्हणजे हेच. उठलेल्या विचाराशी भांडणे म्हणजे पाणी ढवळणे. मात्र तळाशी बसलेले संपलेले नसते, म्हणून चार दिवस शांत गेले तरी गाफील राहू नये. क्षार कमी करायला गोडे पाणीच लागते. लोणारच्या कड्यावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार वाहते. आपल्यासाठी रोजचा सत्संग आणि सेवा हीच ती धार.

आणि स्वतःचा तिरस्कारही करू नका. रोहित पक्ष्याच्या पिसांचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातल्या अशाच रंगद्रव्यांतून येतो. जे पाणी आपल्याला पिववत नाही, तशाच पाण्यावर कुणाचे तरी पंख रंगतात. रागातली शक्तीही योग्य दिशा मिळाली की अन्यायासमोर उभे राहण्याचे बळ होते.

लोणारला गेलात तर साबण, प्लास्टिक काठाखाली नेऊ नका. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा. दिवसभरात ज्याच्यावर आवाज चढवला, त्याला सकाळी पहिला गोड शब्द आपणच बोलू या.