आजचं चिंतन : उंदीर आला कुठून?



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक घेऊया. पण आधी आमच्या घरातला उंदीर.

गेल्या महिन्यात तो स्वयंपाकघरात शिरला. आई म्हणाली, "बाप्पाचं वाहन ते, मारू नकोस रे." मग पिंजऱ्यात भजं लावलं, उंदीर सापडला, लांब मैदानात सोडून आलो. चार दिवसांनी दुसरा. मग तिसरा!

शेवटी प्लंबरकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "उंदीर काय पकडताय, वाट पकडा की!" त्यांच्या सांगण्यावरून रात्री भिंतीच्या कडेने पीठ भुरभुरवलं, कारण उंदीर भिंतीला धरून फिरतो. सकाळी पावलांची रांग सरळ सिंकखालच्या कपाटात गेलेली. तिथे सिंकचा पाइप जमिनीतल्या मोठ्या पाइपात नुसता खोचलेला, भोवती दोन बोटांची फट. उंदराला दोन-अडीच सेंटिमीटर जागा पुरते. तो पोहतो, पाइपातून वर चढतो. आणि खाली चेंबरचं झाकण फुटलेलं!

मी फटीत कापड कोंबायला लागलो, तर काका हसले. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, तो कुरतडतच राहतो. कापड किती टिकणार? त्यांनी तारेची घासणी ठासली, वरून सिमेंट लावलं आणि चेंबरला नवं झाकण बसवलं.

त्याच आठवड्यात मी आईवर ओरडलो होतो. व्हिडिओ कॉल कसा लावायचा, हे तिने तिसऱ्यांदा विचारलं, एवढंच कारण. रात्री पाया पडून माफी मागितली. "असू दे रे," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर तिने मला काही विचारणंच बंद केलं. ती माफी म्हणजे माझा पिंजरा होता. एक राग पकडायचा, लांब सोडायचा, की दुसरा हजर.

भगवंत या श्लोकांत रागापासून सुरुवातच करत नाहीत. आधी विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध, आणि पुढे बुद्धीचा नाश. मीही ठसे बघत मागे गेलो. ओरडलो, कारण आधीच धुमसत होतो. धुमसत होतो, कारण बढती मला हवी होती. आणि ती इच्छा पेटली कशाने? मित्राच्या बढतीची पोस्ट संध्याकाळभर उघडून बघत होतो. फट तिथे होती.

"उद्यापासून रागावणार नाही" हा संकल्प म्हणजे कोंबलेलं कापड. आता घरी आलो की फोन देवघराच्या फळीवर ठेवतो, १० मिनिटं नाम घेतो, मगच आईजवळ बसतो. दोनदा चुकलोय. पण काल तिने स्वतःहून विचारलं, "अरे, हा फोटो कसा पाठवायचा?"

आजचा अभ्यास : तुमचा शेवटचा राग आठवा. त्याला शिव्या घालू नका, त्याची वाट शोधा.

राम कृष्ण हरी! 🙏