काटा अंगात ठेवू नये

आषाढी करून शेगावची गजानन महाराजांची पालखी परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्यासोबत चालतात. अंतर सतराएक किलोमीटर. पंढरपूर गाठून आलेल्याला ते काहीच नाही, वर्षभर गल्ल्यावर बसणाऱ्याला मात्र बरंच. मी खामगावची, वाटेवर पाय चोळून द्यायच्या सेवेला बसते.

"काही नाही होत, माउलींची कृपा," असं म्हणतच लोक पाय पुढे करतात. मोजा काढला की टाचेवर रुपयाएवढा फोड टरारलेला. पावसानं मोजे भिजतात, कातडी मऊ पडते आणि घासून सुटते. हा फोड लपवणं म्हणजे भक्ती का? लपवणारा श्रद्धेनंच लपवतो, म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही.

असं सोसण्याला लोक दाखला मधमाश्यांच्या मोहोळाचा देतात. दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथात ती कथा आहे. भक्त बंकटलालाच्या मळ्यात कणसं भाजताना धुरानं माशा उठल्या, मंडळी पळाली, महाराज बसून राहिले. सांगणारे बहुधा इथंच थांबतात. पुढे माशांचे काटे काढायला सोनार चिमटे घेऊन येतो आणि महाराज श्वास रोखून ते स्वतःच बाहेर काढतात. काटे अंगात बाळगण्यात त्यांना थोरवी वाटली नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातही देह पिडणाऱ्यांना आसुरी म्हटलंय, कारण आतल्या देवालाही त्याची पीडा होते.

चालून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या ठणकतात, जिना उतरवत नाही. तेवढं खुशाल सोसावं. स्नायूंना बारीक इजा झालेली असते, ती भरून येते. स्नायूंत आम्ल साचून दुखतं हा समज चुकीचा. ते तासा-दोन तासांत निघून जातं. एकदम थांबल्यावर भोवळ येते, कारण पोटऱ्यांचं रक्त वर ढकलणं थांबतं. म्हणून शेवटी थोडं हळू चालत राहावं. पण लघवी काळपट झाली, किंवा नुसतंच पाणी पीत राहून मळमळ, बरळणं सुरू झालं, तर थेट दवाखाना. तिथं सोसत राहणं हा मला अहंकार वाटतो, मग ओठांवर नाव कुणाचंही असो.

पाय सुजलेल्या एका आजींना गाडीत बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "वारी मोडन न माय!"

मी म्हटलं, "महाराजांची पालखी तरी खांद्यांवरूनच जाते ना?"

"ते येगळं," म्हणाल्या, पण बसल्या.