‘जात’ आणि ‘जातीने’: गीता ४.१३ वाचताना



आजचा श्लोक चौथ्या अध्यायातला तेरावा. गुण आणि कर्म यांच्या विभागणीने चार वर्ण मी निर्माण केले असं भगवंत म्हणतात, आणि लगेच पुढे सांगतात की त्याचा कर्ता असूनही मला अकर्ता समज. रील्समध्ये यातला पहिला अर्धा श्लोकच फिरतो. खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘बघा, वर्ण म्हणजे जात नव्हे.’ वाद मिटला असं समजून आपण पुढे स्क्रोल करतो.

शब्दार्थाने ते खरंच आहे. वर्ण म्हणजे रंग, आणि अक्षरसुद्धा, म्हणून तर वर्णमाला. जात हा शब्द ‘जन्’ धातूतला, मूळ अर्थ एवढाच की ‘जन्मलेला’. मराठीत तो बियाण्यालाही लागतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचं बेणं घेताना सेलम ही जात आहे का, असं सहज विचारतात. हळदीची जात कळली की तिचा रंग, उतारा यांचा अंदाज येतो. माणसाची जात कळली की काय कळतं? पणजोबांचा धंदा, आणि लग्नाची बोलणी कुठे थांबतील ते. गुण तर नक्कीच कळत नाहीत.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर जात ही एकदाच भरली जाणारी, नंतर कुणालाही बदलता न येणारी व्हॅल्यू. वर्ण मात्र, श्लोकाप्रमाणे, गुण आणि कर्म बघून काढायचा. छान. पण तसा तो काढून बघितला कुणी, कधी? पोराचे गुण आधी बघू आणि मग वर्ण ठरवू, असं आपल्यापैकी कुणाच्या घरी झालंय? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण कधीच न झालेल्या भाषणात नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. गुणावरच ठरणार असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय ही जन्माशी चिकटलेली जुनीच लेबलं कशाला हवीत? विद्वानाला मान द्यायला लेबल लागत नाही. ‘वर्ण म्हणजे जात नव्हे’ म्हणणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. मला अजून कुणाचं पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

गीतेतच आणखी एक गंमत आहे. ‘जातिधर्म’ हा शब्द पहिल्या अध्यायात येतो तो अर्जुनाच्या तोंडी, तो पार खचलेला असताना. कुळ बुडेल, जातिधर्म बुडेल, ही त्याची भीती. दुसऱ्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात भगवंत ‘जात’ हा शब्द वापरतात, पण निव्वळ ‘जन्मलेला’ या अर्थाने: जो जन्मला त्याला मृत्यू ठरलेला. त्या ‘जात’मध्ये राजा, शिंपी, आपण, सगळे एकाच रांगेत.

शिंपी म्हणालो ते उगाच नाही. पुसेगावहून नर्सी जवळच. नामदेव महाराजांचं (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून आमच्याकडे नर्सीला मानतात. औंढा नागनाथही आमच्याच जिल्ह्यात. परंपरा सांगते की तिथे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना समोरून उठवून देवळाच्या मागे पाठवलं, आणि देऊळच फिरलं. नंदी तिथे देवळाच्या मागच्या बाजूला आहे, ते आजही दाखवतात. चमत्कार माना किंवा मानू नका. पण गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यातल्या एकात हेच दुःख आहे. हसतखेळत तुझ्या दारी आलो, भक्ती करत असताना उठवला गेलो, हा जन्म मला का दिलास, असं ते देवाला सरळ विचारतात. जात लपवत नाहीत. तिचं नाव घेऊनच देवाला जाब विचारतात.

नामा शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, चोखा महार. या संतांची नावं आपण अशीच, जातीसकट, घेत आलो. आपण नवे लोक मात्र ‘मी जात मानत नाही’ म्हणून मोकळे होतो. पण हे सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याला जातीमुळे कुणी कधी अडवलं नाही, त्याला हा शब्द विसरणं सोपं आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीशी, देवळाच्या बाहेर. ते गेले १३३८ मध्ये. त्यांच्या समाजाला ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. मधली सहाशे वर्षं ‘आम्ही जात मानत नाही’ म्हटल्याने भरून निघत नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पाटीवरच्या नावाने रोज खाली बघायला लागू नये. पण पाटी बदलली तरी त्या गल्लीतला मुलगा जात प्रमाणपत्राच्या रांगेत उभा राहणारच, आणि राहायलाच हवं. तिथे तोच शब्द त्याच्या शिक्षणाचा आधार आहे. एकाच शब्दाचे हे दोन उपयोग आहेत. माणसाला हलकं करायला तो वापरला तर टाकून द्यावा, झालेल्या अन्यायाचा हिशेब मांडायला लागला तर जपून ठेवावा. कुणी कुणासाठी वापरला ते बघितल्याशिवाय ‘तो शब्दच नको’ म्हणणं मला घाईचं वाटतं.

मराठीत अजून एक ‘जात’ आहे. ‘साहेब जातीने हजर होते’ म्हणजे स्वतः हजर होते. कोर्टातला जातमुचलका त्यातलाच. हा शब्द अरबीतल्या ‘जात’वरून आला, अर्थ ‘स्वतः, व्यक्ती’. जन्माच्या जातीशी त्याचं नातं नाही, फक्त उच्चार सारखा. औंढ्याला नामदेव या अर्थाने जातीने आले होते. उठवणाऱ्यांनी दुसरी जात बघितली.

आपल्या झूमवरच्या सत्संगात कुणी नवीन आलं की आपण विचारतो, ‘आडनाव काय? गाव कुठलं?’ बहुतेक वेळा प्रेमाने. पण ज्याला विचारतो तो उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो का, तेवढं येत्या एकादशीला बघा.

उद्या श्लोक चौदावा.

राम कृष्ण हरी.